ऱ्हाईनचे दोन काठ

नकाशासंग्रहातील युरोपचे पान उघडा आणि ऱ्हाईन नदी शोधा. आल्प्स पर्वतात उगम पावून ही नदी स्वित्झर्लंडमधून बाहेर पडते आणि उत्तरेकडे वळते. तेथून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत ती दोन देशांची सीमा बनते. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले, तर डावा काठ फ्रान्सचा आणि उजवा काठ जर्मनीचा. हवामान सारखेच, द्राक्षमळे दोन्हीकडे, आणि खेड्यांतील जुन्या बोलीसुद्धा एकमेकींना जवळच्या.

या दोन काठांवर सुमारे पन्नास वर्षांपूर्वी एकच प्रश्न उभा राहिला : वीज कशापासून तयार करायची? त्याची उत्तरे मात्र दोन निघाली. ती कशी निघाली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे आज आपण पाहणार आहोत. कारण हवामानबदल आणि ऊर्जा यांविषयीचे वाद आता तुमच्याही कानांवर रोज पडतात. कोणी म्हणतो, अणुवीज हाच तरणोपाय. कोणी म्हणतो, अणुवीज म्हणजे विकतचे संकट. कोणी सूर्याची बाजू घेतो, तर कोणी कोळशाची. या गलबल्यात कोणाचे म्हणणे खरे मानावे? या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी ऱ्हाईनच्या काठावर जाऊन येऊ.

व्हीलचे रान आणि फेसेनहाइमचे केंद्र

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले. तेल निर्यात करणाऱ्या अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि काही महिन्यांत तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. जर्मनी आणि फ्रान्स हे दोन्ही देश बाहेरच्या तेलावर अवलंबून होते. (त्या वेळी जर्मनीचे दोन भाग होते. आपण बोलत आहोत तो पश्चिम जर्मनी.) दोन्ही सरकारांनी ठरवले, की अणुवीज केंद्रे झपाट्याने उभारायची. मार्च १९७४ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी तशी मोठी योजनाच जाहीर केली. फ्रान्सकडे स्वतःचे तेल जवळजवळ नव्हते आणि कोळशाच्या खाणीही सरत आल्या होत्या.

डाव्या काठावर फेसेनहाइम या गावी केंद्राचे बांधकाम आधीच सुरू झाले होते. उजव्या काठावर व्हील नावाच्या खेड्याजवळच्या रानात जर्मनीचे केंद्र होणार होते. व्हीलच्या परिसरातील शेतकरी आणि द्राक्षबागाईतदार यांना ते नको होते. शीतकरण मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेमुळे धुके वाढेल, ऊन कमी होईल आणि द्राक्षे बिघडतील, अशी त्यांना धास्ती होती. किरणोत्सर्गाची भीती तर होतीच. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी बांधकामाच्या जागेवरच ठाण मांडले. पोलिसांनी एकदा त्यांना हुसकावले. तेव्हा हजारो लोक परत आले. नदीपलीकडचे फ्रेंच शेजारीही त्यांच्यात होते. पुढे कित्येक महिने लोक त्या रानात राहिले. तेथे त्यांनी एक लोकशाळासुद्धा चालवली. अणुभट्टी कशी चालते, किरणोत्सर्ग म्हणजे काय, कायदा काय सांगतो, अशा विषयांवर तेथे व्याख्याने होत. वाद घालण्यापूर्वी विषय शिकून घ्यावा, हे त्या शेतकऱ्यांना पटले होते.

पुढे न्यायालयात लढाई झाली, आणि अखेर व्हीलचे केंद्र झालेच नाही. फेसेनहाइमलाही विरोध झाला. पण ते केंद्र पूर्ण झाले आणि १९७७ पासून वीज देऊ लागले. एकाच नदीच्या एका काठावर अणुभट्ट्या आल्या आणि दुसऱ्या काठावर रान राहिले.

एका युनिटचा हिशेब

आता थोडे विज्ञान. कोळशाचे केंद्र असो वा अणुवीज केंद्र, पुढची यंत्रे दोन्हीकडे सारखीच असतात. उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने झोतयंत्राचे चक्र फिरवायचे आणि त्या चक्राला जोडलेल्या जनित्रातून वीज मिळवायची. फरक आहे तो उष्णता कोठून येते यात. कोळशाच्या केंद्रात कार्बनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. अणुभट्टीत युरेनियमचे अणुगर्भ फुटतात. तेथे काहीही जळत नाही, म्हणून त्या क्रियेत हा वायूही निघत नाही. पवनचक्कीत आणि सौरघटात तर वाफेची पायरीच नसते.

कार्बनचा अणुभार १२ आणि ऑक्सिजनचा १६, हे तुम्ही शिकला आहात. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत कार्बनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन अणू असतात. म्हणजे १२ भाग कार्बन जळाला, की १२ + ३२ = ४४ भाग वायू होतो. एक किलो शुद्ध कार्बन जाळल्यास सुमारे ३.७ किलो वायू मिळतो! जळणापेक्षा धूर वजनाने अधिक कसा, हे कोडे येथे सुटते. जास्तीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते.

मात्र अणुवीज केंद्र किंवा पवनचक्की आकाशातून पडत नाही. तिच्यासाठी पोलाद आणि सिमेंट लागते, खाणी खणाव्या लागतात, वाहतूक करावी लागते. तेथे इंधन जळतेच. म्हणून शास्त्रज्ञ खाणीपासून ते केंद्र मोडीत काढेपर्यंतचा सगळा हिशेब मांडतात आणि त्याला एकूण मिळालेल्या विजेने भागतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीने २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे मध्यक दिले. एका युनिटमागे, म्हणजे एका किलोवॉट-तासामागे, कोळशाचे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायूचे ४९०, छपरावरील सौरघटांचे ४१, जलविद्युतेचे २४, अणुविजेचे १२ आणि जमिनीवरील पवनचक्कीचे ११ ग्रॅम. नैसर्गिक वायू जळताना राख होत नाही आणि धूरही फारसा दिसत नाही. म्हणून त्याला स्वच्छ इंधन म्हणण्याचा प्रघात आहे. वरचे आकडे पाहून ते विशेषण किती लागू पडते, हे तुम्हीच ठरवा.

आता एक मोठे गणित करू. एक हजार मेगावॉटचे केंद्र म्हणजे १० लाख किलोवॉट. वर्षात ८,७६० तास असतात. ते केंद्र क्षमतेच्या ८० टक्के चालले, तर वर्षाला सुमारे ७०० कोटी युनिट वीज मिळेल. कोळशावर ही वीज केली, तर सुमारे ५७ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. अणुशक्तीवर केली, तर सुमारे ८४ हजार टन. पवनचक्क्यांनी एवढीच वीज केली, तर ७७ हजार टन.

जो आकडा कोणी पाहत नव्हते

हा वायू हवेत गेला तर बिघडते काय? सूर्याच्या उन्हाने जमीन तापते आणि अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता परत बाहेर टाकते. जॉन टिंडाल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवून दिले, की नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही उष्णता जवळजवळ अडवत नाहीत, पण पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती शोषून घेतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले होते. म्हणजे ही कल्पना काल-परवाची नव्हे.

हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हा वायू रोज मोजण्यास आरंभ केला. शहरे आणि कारखाने यांपासून ही जागा दूर, समुद्राने वेढलेली. म्हणून तेथील हवा मोजमापाला चांगली. आरंभी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. ज्या वर्षी व्हीलच्या रानात लोक ठाण मांडून बसले होते, त्या १९७५ साली हा आकडा ३३१ होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला. बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासून कळते, की यंत्रयुगापूर्वी तो सुमारे २८० होता.

हा जादा वायू ज्वालामुखीतून आला नाही कशावरून? त्यालाही पुरावा आहे. हवेतील कार्बनमध्ये कार्बन-१४ या किरणोत्सर्गी अणूंचा अगदी अल्प अंश असतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेले असल्याने त्यांतील कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. जीवाश्म इंधने जळू लागल्यावर हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होत गेल्याचे आढळले. ज्वालामुखींचा कार्बनही जुनाच असतो, हे खरे. पण त्यांतून वर्षाला बाहेर पडणारा वायू माणसाने सोडलेल्या वायूच्या मानाने फार थोडा आहे.

आता ऱ्हाईनकडे परत वळा. १९७५ च्या वादात लोक कशाविषयी भांडत होते? तेल, धुके, द्राक्षे, किरणोत्सर्ग, रोजगार. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा या वादात जवळजवळ नव्हताच. दोन्ही पक्ष तावातावाने बोलत होते आणि पुढे सर्वांत मोठा ठरणारा आकडा दूरच्या एका पर्वतावर मुकाट्याने वाढत होता.

माप, भाकीत आणि निवड

एखाद्या वादातील वाक्ये नीट ऐकली, तर त्यांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट मापाचा. ‘हवेत या वायूचे इतके भाग आहेत’, ‘एका युनिटमागे इतके ग्रॅम’, ‘पृथ्वीचे सरासरी तापमान २०११ ते २०२० या दशकात १८५० ते १९०० च्या सरासरीहून सुमारे १.१ अंशाने अधिक होते’. अशी वाक्ये कोण बोलतो याला महत्त्व नाही. ती पुन्हा मोजून पाहता येतात. येथे बहुमताचा उपयोग नाही. तापमापकातला पारा हात वर करून मतदान घेतल्याने चढत किंवा उतरत नाही.

दुसरा गट भाकिताचा. ‘असे केले तर तसे होईल’ अशी ही वाक्ये. ती आज खरी की खोटी हे कळत नाही, पण काळ गेल्यावर तपासता येतात. व्हील ज्या राज्यात आहे तेथील मुख्यमंत्र्यांनी इशारा दिला होता, की हे केंद्र झाले नाही तर १९८० च्या सुमारास दिवे विझू लागतील. १९८० आले आणि गेले. केंद्र झाले नव्हते आणि दिवे विझले नाहीत. उलट, अणुभट्टी म्हणजे आज ना उद्या स्फोट, असे पलीकडच्या काठाविषयी बोलणारेही होते. फेसेनहाइमचे केंद्र ४३ वर्षे चालले आणि २०२० मध्ये बंद झाले. तसा स्फोट तेथे झाला नाही. भाकीत करणाऱ्याला नंतर फारसे कोणी विचारत नाही. तुम्ही मात्र वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि वेळ आली की ताडून पाहा.

तिसरा गट निवडीचा. ‘आम्हांला हा धोका पत्करायचा नाही’, ‘गावापेक्षा देशाची गरज मोठी’, ‘पुढच्या पिढीवर कचरा लादू नये’. ही वाक्ये मोजता येत नाहीत. येथे माणूस काय जपू इच्छितो, हा प्रश्न असतो. तो ठरवण्याचा अधिकार एकट्या शास्त्रज्ञांना नाही. तो सर्वांचा आहे, आणि तुम्ही अठरा वर्षांचे झालात की तुमचाही. राजकारणाचे खरे काम येथे असते.

गोंधळ होतो तो हे गट एकमेकांत मिसळले की. ज्याला कोळसा हवा आहे तो ‘तापमान वाढतच नाही’ असे म्हणू लागतो. म्हणजे निवड आवडली म्हणून माप नाकारतो. आणि ज्याच्या हाती मापे आहेत तो ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे, म्हणून केंद्र तुमच्याच गावात होईल’ असे म्हणतो. म्हणजे मापाच्या आड आपली निवड लपवतो. दोन्ही रीती चुकीच्या आहेत.

पन्नास वर्षांचा ताळेबंद

आता दोन्ही काठांचा जमाखर्च मांडू.

फ्रान्सने वीस-पंचवीस वर्षांत पन्नासाहून अधिक अणुभट्ट्या उभारल्या. त्याची सुमारे दोन तृतीयांश वीज आजही अणूपासून येते. तेथे एका युनिटमागे केंद्रांतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड ५० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ही जमेची बाजू. खर्चाची बाजूही लहान नाही. फ्लामांविल येथील नव्या अणुभट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले. ती २०१२ मध्ये चालू व्हायची होती. प्रत्यक्षात डिसेंबर २०२४ मध्ये ती वीज देऊ लागली, आणि खर्च मूळ अंदाजाच्या सुमारे चौपट झाला. २०२२ मध्ये नळांना तडे आढळल्याने आणि देखभालीच्या कामांमुळे एके वेळी निम्म्याच्या आसपास अणुभट्ट्या बंद होत्या. त्याच उन्हाळ्यात नद्यांचे पाणी इतके तापले, की शीतकरणाचीही अडचण झाली. एरवी वीज विकणाऱ्या फ्रान्सने त्या वर्षी विकली त्याहून अधिक वीज शेजाऱ्यांकडून विकत घेतली.

जर्मनीची वाट वळणावळणाची झाली. व्हील झाले नाही, तरी इतरत्र अणुभट्ट्या झाल्या. पण व्हीलसारख्या आंदोलनांतून १९८० मध्ये हरित पक्ष जन्माला आला. १९८६ मध्ये सोव्हिएत संघातील चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि त्याची किरणोत्सर्गी धूळ वाऱ्याबरोबर येऊन दक्षिण जर्मनीत पावसातून पडली. आयांनी मुलांना वाळूत खेळू दिले नाही. ही आठवण पुसली गेली नाही. २००० मध्ये सूर्य आणि वारा यांच्या विजेला हमीभाव देणारा कायदा झाला. तेव्हा विजेतील अक्षय ऊर्जेचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो ५० टक्क्यांहून अधिक झाला. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. तेव्हा जर्मनीच्या प्रमुख होत्या अँगेला मेर्केल. त्या स्वतः पदार्थविज्ञानाच्या पदवीधर. आदल्याच वर्षी त्यांच्या सरकारने अणुभट्ट्यांचे आयुष्य वाढवले होते. आता त्याच सरकारने आठ अणुभट्ट्या ताबडतोब थांबवल्या आणि उरलेल्या बंद करण्याचे वेळापत्रक आखले. शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ रोजी थांबल्या.

जर्मनीच्या विजेत एका युनिटमागे १९९० साली सुमारे ७६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होता. २०२३ मध्ये तो ४०० ग्रॅमच्या आसपास आला. घट मोठी आहे, तरी फ्रान्सहून आकडा कितीतरी पट अधिक. याचे मुख्य कारण कोळसा. २०२३ मध्येही जर्मनीची सुमारे पाव वीज कोळशाची होती. त्याच वर्षी जानेवारीत ल्युत्सेराट नावाच्या खेड्याची जागा लिग्नाइटच्या खाणीसाठी रिकामी करण्यात आली आणि तेथे ठाण मांडलेल्या तरुणांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले. १९७५ चे व्हील आठवते ना? तेव्हा आंदोलन अणूविरुद्ध होते, आता कोळशाविरुद्ध.

जर्मनीने आधी कोळसा बंद करून अणुभट्ट्या चालू ठेवल्या असत्या तर? २०१० साली तेथील अणुभट्ट्यांनी सुमारे १४,००० कोटी युनिट वीज दिली. तेवढी वीज कोळशाच्या जागी सतत मिळती, तर वर्षाला ११ कोटी टनांहून अधिक वायू वाचला असता. टीकाकारांचा हा मुद्दा गणिताने बरोबर आहे. दुसरी बाजू सांगते, की जर्मनीने सौरघट महाग असतानाच मोठ्या प्रमाणावर विकत घेतले, त्यामुळे कारखाने वाढले आणि सर्व जगासाठी भाव उतरले. २०१० ते २०१९ या काळात सौर विजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी घटला, हे माप आहे. त्यात जर्मनीबरोबर चीनमधील कारखान्यांचा आणि इतर देशांचाही वाटा आहे. आज भारतात ज्या छपरांवर सौरघट दिसतात, त्यांच्या स्वस्ताईत ऱ्हाईनकाठच्या ग्राहकांचे थोडे पैसे आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

धोका कोणाच्या वाट्याला?

कोणतीही वीज धोक्यावाचून मिळत नाही. चेर्नोबिलमध्ये स्फोटाच्या रात्री दोन कामगार आणि पुढच्या काही महिन्यांत तीव्र किरणोत्सर्गाने २८ कामगार व अग्निशामक मरण पावले. नंतर हजारो मुलांना कंठग्रंथीचा कर्करोग झाला. फुकुशिमात दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. उलट, कोळशाचे बळी एकाच दिवशी मथळ्यात येत नाहीत. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार बुडाले, ती बातमी झाली. पण धुराने रोज थोडी थोडी बिघडणारी फुप्फुसे बातमीत येत नाहीत. माणसाला अचानक आणि अनोळखी धोक्याची भीती अधिक वाटते, रोजच्या धोक्याची सवय होते. म्हणून भीती किती वाटते आणि धोका किती आहे, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

कचऱ्याचेही तसेच. अणुभट्टीचा कचरा आकारमानाने थोडा, पण फार घातक. त्यातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. तो बंदिस्त ठेवून हजारो वर्षे सांभाळावा लागतो. कोळशाचा वायू बंदिस्त नसतो, तो साऱ्या जगाच्या हवेत सोडून दिलेला असतो, आणि त्याचाही काही अंश हजारो वर्षे हवेत राहतो. एक ओझे खेड्याजवळ पुरायचे, दुसरे सर्वांच्या डोक्यावर पसरायचे. यांतले कोणते अधिक अन्यायाचे, हे माप सांगू शकत नाही.

आपल्या काठावर

हा वाद आपल्याला परका नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये आपल्याच तारापूरला सुरू झाले. चंद्रपूरचे कोळशावरचे केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्यांची, एकूण ९,९०० मेगावॉटची योजना आहे. तिच्याविषयीचे करार डिसेंबर २०१० मध्ये झाले. तेथील शेतकरी आणि मच्छीमार यांनी विचारलेले प्रश्न व्हीलच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांसारखेच होते : समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळीचे काय होईल? जमीन गेल्यावर पोट कशावर भरायचे? भूकंप झाला तर? यांतील काही प्रश्न मापाचे आहेत. त्यांची उत्तरे मोजून, उघडपणे दिली पाहिजेत. काही निवडीचे आहेत. तेथे लोकांना विचारले पाहिजे.

आपल्या बाजूला एक गोष्ट अधिक आहे. भारताची सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाची आहे, आणि एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम वायू निघतो. तरीही भारतात दर माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जर्मनीत सुमारे ७ टन. कारण आपण वीजच फार कमी वापरतो. ज्या घरात पंखा नीट चालत नाही, त्या घराला ‘वीज वाचवा’ असे सांगणे शोभत नाही. पण वाढत्या उन्हाळ्याचा चटका आधी त्याच घराला बसतो, हेही खरे. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपली प्रतिज्ञा आपण ठरवावी असे ठरले. हवेत जाणारा आणि हवेतून काढला जाणारा वायू समान करण्यासाठी जर्मनीने २०४५, फ्रान्सने २०५० आणि भारताने २०७० हे साल जाहीर केले आहे. २०७० मध्ये तुमचे वय किती असेल, हे आताच काढून ठेवा. ही भाकिते ताडून पाहण्याचे काम तुमच्याकडेच येणार आहे.

करून पाहा

१. घरातील विजेचे बिल घ्या. महिन्याच्या युनिटांना ७०० ने गुणा आणि हजाराने भागा. इतके किलो कार्बन डायऑक्साइड तुमच्या घरच्या विजेपायी हवेत गेला. हेच गणित ४०० आणि ५० हे आकडे घेऊन करा. १०० युनिटांसाठी उत्तरे ७०, ४० आणि ५ किलो येतात. तुमची उत्तरे या प्रमाणात येतात का, ते पाहा.

२. वर्तमानपत्रातील ऊर्जेविषयीची एक बातमी कापून वहीत चिकटवा. तिच्यातील मापाच्या वाक्यांखाली निळी, भाकिताच्या वाक्यांखाली हिरवी आणि निवडीच्या वाक्यांखाली लाल रेघ ओढा. ज्या वाक्याला कोणता रंग द्यावा हे ठरत नाही, ते वर्गात वाचून दाखवा. चर्चा तेथूनच सुरू करा.

३. वर्गाचे दोन गट करा आणि एकाला फेसेनहाइमची, दुसऱ्याला व्हीलची बाजू द्या. अर्धा तास झाला, की बाजू बदला. अट एकच : मापाचा आकडा दोन्ही वेळा तोच राहिला पाहिजे.